अंध लेकरांना चालायला शिकवणारे घरचे खेळ

माझी भाची सहा वर्षांची, तिला जन्मापासून दिसत नाही, आणि आम्ही सगळे तिला हाताला धरूनच इकडून तिकडे न्यायचो, त्यामुळं पोरीला स्वतःचं घरच माहीत नव्हतं. मग खेळ सुरू केले. जे जमलं ते सांगते.

आधी डबा. स्टीलच्या छोट्या डब्यात मूठभर शेंगदाणे टाका (सोलापुरात त्याला काय तोटा), कोपऱ्यात उभं राहून वाजवा, आणि तिनं सुरुवातीला फक्त आवाजाकडं बोट दाखवायचं. लगेच चालायला लावलं की पोरं अंदाजानं धावतात नि कपाटावर आपटतात, आमच्याकडं झालंय. बोट बरोबर आलं की मग चालायचं, एक हात तोंडासमोर आडवा, तळवा बाहेर. आणि "इकडं ये" म्हणू नका हो, इकडं म्हणजे कुठं? डावीकडं दोन पावलं, असं सांगा.

फरशीवर सुतळी ताणून वरून चिकटपट्टी मारा, अनवाणी पायाला रस्ता कळतो. गोलबॉल हा अंधांचा खेळ 1946 साली निघाला, आता पॅरालिम्पिकमध्ये असतो, त्याच्या मैदानाच्या रेघा अशाच असतात. त्यांचा घुंगरांचा बॉल महाग पडतो, आपण साध्या बॉलला कॅरीबॅग गुंडाळायची, मस्त खरखर वाजतो.

अंगणात आमची खूण म्हणजे मागच्या गल्लीतले यंत्रमाग. खडखड उजव्या कानाला ठेवली की नळ समोर. पण एकदा लाईट गेली, माग गप्प, आणि पोरगी मधोमध उभी, रडवेली. तेव्हा कळलं की हाताची खूणपण लागते, म्हणून आता भिंतीला बोटांची पाठ लावून (टोकं नको, खिळाबिळा लागतो) दारं मोजत जायचं: दोन दारं, पायरी, मग तुळस.

पांढरी काठी लवकर द्या, साधारण छातीच्या हाडापर्यंत येईल एवढी. डावा पाय पुढं तर टोक उजवीकडं टेकवायचं, उजवा पुढं तर डावीकडं, ते आम्ही टकटक आगगाडी करून घोटतो. नीट शिकवायला मात्र ट्रेनरच पाहिजे, घरी नुसता सराव.

आंधळी कोशिंबीर खेळताना पट्टी सगळ्यांनाच बांधा. परवा शेजारचा पोरगा पट्टी बांधून तुळशीवर धडकला, तर ही लांबूनच ओरडते, "दारं मोज की बे!"