पेन्सिल हातात देण्याआधी मटार सोलायला द्या

चौथ्या वर्षाच्या आतच मूल 'अ' काढत नाही म्हणून आया काळजीत पडतात. पेन्सिल धरायला बोटांत जोर लागतो, आणि तो वही गिरवून येत नाही. थंडीत नाशिकच्या गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारातून अर्धा किलो मटार आणा. तेवढ्यावर सकाळ छान जाते.

खेळ तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी आहे. त्याहून लहान मुलाच्या घशात किंवा नाकात दाणा अडकू शकतो. मूल मोठं असलं तरी शेजारी बसाच.

जमिनीवर चादर घाला, ताट आणि दोन वाट्या ठेवा. पहिली शेंग तुम्ही सोला, अगदी सावकाश आणि न बोलता: टोक दाबलं, शिवण उकलली, अंगठा आतून फिरवला, दाणे टपटप वाटीत. मग शेंग मुलाच्या हाती द्या. पहिल्या दोन-तीन शेंगा चुरगळतील, चुरगळू द्या. मध्ये हात घालायचा मोह आवरा. सगळ्यात अवघड हेच आहे.

हात बसला की शेंग उघडण्याआधी विचारा, "आत किती असतील गं?" उघडल्यावर प्रत्येक दाण्यावर बोट ठेवून मोजायचं. एक दाणा, एक आकडा. माझी नात तोंडाने दहापर्यंत धावायची आणि बोट मात्र तिसऱ्या दाण्यावरच असायचं. मोजून झाल्यावर "म्हणजे किती?" विचारलं की पुन्हा एकपासून सुरू. शेवटचा आकडा म्हणजे सगळे मिळून, हे कळायला वेळ लागतो. चूक काढू नका, उद्या पुन्हा विचारा.

टरफलंही टाकू नका. सगळ्यात आखूड ते सगळ्यात लांब अशी ओळ लावायला सांगा. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी गावात बालवाडी सुरू केली, तेव्हा पानं, खडे, शिंपले अशाच आसपासच्या वस्तू मुलांपुढे ठेवल्या. महागडी खेळणी नसली म्हणून अडत नाही.

मटार नसतील तेव्हा कणकेचा गोळा द्या, किंवा मोरीत तांब्या देऊन त्यात किती वाट्या पाणी मावतं ते बघायला लावा. सांडलं तर फडकंही त्याच्याच हाती. द्राक्षांच्या दिवसांत घडावरचे मणी खुडणं मुलांना फार आवडतं. पण पाच वर्षांखालच्या मुलाला खायला देताना मणी उभा चार फोडी करूनच द्या.

सोललेल्या दाण्यांचा त्याच दिवशी मटारभात करा, आणि दाणे पातेल्यात मुलालाच टाकू द्या, गॅस पेटवण्याआधी.