एमएक्स-५चे एक्सल बूट बदलताय? या चुका टाळा

पुण्यात मारुती गॅरेजला नेली की मिस्त्री स्टिअरिंग पूर्ण कापून गाडी गोल फिरवायचा. चाकातून कटकट ऐकू आली की निदान पक्कं: "एक्सल वाजतोय, बूट बघायला पाहिजे." बूट म्हणजे चाक फिरवणाऱ्या एक्सलच्या, म्हणजे शाफ्टच्या, दोन टोकांच्या जॉइंटवरचं घड्यांचं रबरी आवरण. आतलं ग्रीस तेच धरून ठेवतं. तीच सवय घेऊन मी इंग्लंडमध्ये जुनी माझ्दा एमएक्स-५ घेतली आणि फसलो. ही गाडी मागच्या चाकांच्या जोरावर पळते. मागची चाकं स्टिअरिंगबरोबर वळत नाहीत, त्यामुळे जॉइंटला मोठा कोन पडत नाही. बूट फाटून ग्रीस उडालं तरी कित्येक महिने कानावर काहीच येत नाही. अॅक्सिलरेटर दाबता-सोडताना मागून 'टक्' असा ठोका यायला लागतो, तोवर आतल्या पोलादाला खड्डे पडलेले असतात.

म्हणून आवाजाची वाट पाहणं ही पहिली चूक. मागच्या चाकाची आतली बाजू बघा. रिमवर आणि विशबोनवर (चाक गाडीला जोडणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्यावर) काळ्या ग्रीसचा पट्टा ओढलेला असेल तर समजून जा. बूट वरवर धड दिसतो, पण घड्या बोटांनी फाकवल्या की तळाशी चिरा सापडतात. इथल्या वार्षिक एमओटी तपासणीत फाटका बूट म्हणजे सरळ नापास. मला ते तिथे कळलं, तुम्हाला आधी कळलेलं बरं.

दुसरी चूक घाईची. गाडी जॅकवर चढवून मग हब नट (चाकाच्या मधोमध शाफ्टचं टोक धरून ठेवणारा मोठा नट) सोडायला जायचं. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५मध्ये (१९८९ ते १९९७) हा २९ मिमीचा नट २१६ ते २९४ न्यूटन-मीटरला आवळलेला असतो. त्या जोराने स्टँडवरची गाडी अंगावर येईल. चाक जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, असं असतानाच तो ढिला करा. त्याआधी नटाची शाफ्टच्या खाचेत ठोकलेली कड छिन्नीने उचलायला विसरू नका, नाहीतर आटे गेलेच. बसवताना नट नवाच हवा. शाफ्ट हबमधून (चाक ज्यावर बसतं त्या भागातून) निघत नाही म्हणून उघड्या आट्यांवर हातोडा मारणारे मी पाहिलेत. जुना नट टोकाशी समपातळीत फिरवून ठेवा आणि लाकडाचा ठोकळा मध्ये धरून ठोका.

इथल्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात, त्यामुळे खालच्या विशबोनचा लांब बोल्ट बुशात (विशबोनच्या टोकाच्या रबरी नळीत) गंजून बसलेला असतो. त्याच्या नादी लागू नका, वरच्या विशबोनचा बोल्ट काढून हब बाहेर झुकवा. ब्रेक कॅलिपर काढलात तर तारेने टांगा, ब्रेकच्या रबरी होजवर लोंबकळत ठेवू नका. डिफकडून (दोन मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या डिफरन्शिअलकडून) शाफ्ट काढताना शाफ्ट धरून ओढलात तर आतला जॉइंटच सुटून येतो. पहारीने जॉइंटच्या बुडाशी उचका, खाली ट्रे ठेवा, ऑइल सील हाताशी ठेवा.

टेबलावर आल्यावर खरी गंमत. चाकाकडचा जॉइंट उघडायचा नसतो. दोन्ही बूट डिफच्या बाजूने चढतात, म्हणजे आधी चाकाकडचा, मग डिफकडचा. क्रम चुकला की ट्रायपॉड (डिफकडच्या जॉइंटमधला तीन पायांचा भाग, जो कपात बसतो) परत काढा. त्याहून चीड आणणारी गोष्ट म्हणजे सगळं बसल्यावर बूटाचं छोटं तोंड आवळणारा क्लॅम्प टेबलावरून आपल्याकडे बघत असतो. उघडण्यापूर्वी ट्रायपॉड, शाफ्ट आणि कप यांवर रंगाची खूण करा, पंचाने ठोकू नका. शाफ्टच्या टोकावरच्या स्प्लाइनच्या दात्यांवर टेप गुंडाळा, नाहीतर नवा बूट चढता चढताच कापला जाईल.

जुनं ग्रीस पूर्ण काढा. रॉकेलने धुवा, मग पूर्ण वाळू द्या. चाकाकडच्या जॉइंटचे गोळे एकेक करून फिरवा आणि ज्या वाटेवर ते धावतात तिथे नख फिरवा. नख अडकलं तर बूट बदलून उपयोग नाही, जॉइंट बदला. डब्यात पडून असलेलं साधं ग्रीस इथे चालत नाही. नव्या बूटाच्या किटमधल्या पुड्याच वापरा. दोन पुड्यांतलं ग्रीस वेगळं असू शकतं, तेव्हा कुठली कुणाची ते बघून पूर्ण पिळा.

आता माझी फजिती. पहिल्या खेपेला मी क्लॅम्पऐवजी प्लास्टिकचे केबल टाय ओढले होते. घट्ट वाटले. तीन आठवड्यांनी रिमवर तोच काळा पट्टा. बूटाच्या मोठ्या तोंडाला धातूचा पट्टीचा क्लॅम्पच लागतो आणि त्याचा कान चिमटण्याची पक्कड हातात हवी. ती महाग नाही. पट्टी मागे दुमडायच्या प्रकारात दुमड चाक पुढे फिरण्याच्या उलट दिशेला हवी.

आवळण्याआधी बूटातली हवा सोडा. जॉइंट नेहमीच्या लांबीवर धरा, बोथट स्क्रूड्रायव्हर छोट्या तोंडाखाली सरकवा, 'फुस्स' झालं की काढा. हे केलं नाही तर बूट फुगून राहतो किंवा आत शोषला जाऊन शाफ्टवर घासतो, आणि वर्षभरात तुम्ही परत तिथेच.

शाफ्ट न काढता बसवता यावेत म्हणून उभे चिरलेले मिळणारे, गोंदाने चिकटवायचे बूट मी घरी पोहोचण्यापुरतेच मानतो.

शेवटी, विशबोनचा बोल्ट चाक हवेत लोंबत असताना पक्का करू नका. बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो आणि लवकर फाटतो. हब नट हाताने बसवून जरा आवळा, चाक लावा, गाडी जमिनीवर आणा, मग नट आणि बोल्ट दोन्ही टॉर्क रेंचने. नट ढिला ठेवून गाडी ढकललीत तर बेअरिंग जातं. नटाची कड पुन्हा खाचेत ठोका, डिफमधलं ऑइल भरा, आणि पन्नासेक मैलांनी रिमवरून बोट फिरवून बघा.