कांद्याची पेशी जिवंत ठेवून मिठाच्या पाण्याचा प्रयोग मायक्रोस्कोपखाली कसा करावा

कांद्याचा पापुद्रा काढा, आयोडीन टाका, मग मिठाचं पाणी सोडा आणि पेशी आकसताना बघा. हा सल्ला इतक्यांदा वाचलाय की आता चीड येते. यात दोन वेगळे प्रयोग एकत्र कालवलेत. केंद्रक बघायचं असेल तर आयोडीन ठीक. पेशी मरते, केंद्रक पिवळट-तपकिरी होऊन उठून दिसतं, काम झालं. पण मिठाचं पाणी पेशीतलं पाणी बाहेर ओढतं ते पेशीचं पटल, म्हणजे भिंतीच्या आतलं पातळ आवरण, धड असेपर्यंतच. पाण्याला वाट द्यायची आणि मीठ, साखर, रंग अडवायचे, ही निवड पटल करतं म्हणून तर परासरण, म्हणजे पटलातून पाण्याची अशी ये-जा, होतं. आयोडीनने पटल निकामी झालं की मीठ सरळ आत शिरतं, आणि तुम्ही आयपीसला डोळा लावून उगाच ताटकळत बसता.

रॉबर्ट हूकने 1665 साली बुचाच्या कापात ज्या खोल्या पाहिल्या त्याही मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती होत्या. त्यांच्यावर मीठ ओतलं असतं तर काही हललं नसतं.

म्हणून रंग बाहेरून द्यायचाच नाही. ज्याच्या पेशीत तो आधीच आहे असा कांदा घ्यायचा. लाल कांद्याचा रंग अँथोसायनिनचा. हे रंगद्रव्य पेशीतली बहुतेक जागा व्यापणाऱ्या रिक्तिकेत, म्हणजे रसाने भरलेल्या पिशवीत, विरघळलेलं असतं. पाणी बाहेर गेलं की रंगीत भाग आकसतो आणि गडद होतो, सगळं आपोआप दिसतं. जितका गडद कांदा तितकं बरं. अलिबागचा पांढरा कांदा चवीला कितीही गोड असला तरी इथे निरुपयोगी. रंगीत कांदा नाहीच मिळाला तर कुंडीतल्या ऱ्हिओच्या पानाची खालची जांभळी बाजू उत्तम चालते, आणि ती सोलायलाही सोपी.

लागेल ते एवढंच: स्लाइड, कव्हरस्लिप, नवं ब्लेड, टोकदार चिमटा, ड्रॉपर, टीपकागद आणि 5 टक्के मिठाचं द्रावण, म्हणजे 5 ग्रॅम मीठ पाण्यात विरघळवून एकूण 100 मिलिलिटर. स्लाइड साबणाने धुतली असेल तर पुन्हा पुन्हा खळबळा. राहिलेला साबणही पटल बिघडवतो.

आता खरी अडचण. कांद्याच्या पाकळीला दोन बाजूंनी पापुद्रे असतात. आतल्या, खोलगट बाजूचा पापुद्रा चिमटा लावला की अलगद सुटून येतो. म्हणून सगळे तोच काढायला सांगतात, पण त्याला बहुधा रंगच नसतो. रंग असतो बाहेरच्या, फुगीर बाजूच्या पापुद्र्यात, आणि तो गराला घट्ट धरून बसतो. ओढला की टिचभर तुकडा येतो, तोही खाली गराचा थर घेऊन. असा जाड तुकडा काचेवर ठेवला तर एकावर एक पेशी दिसतात आणि कुठेही फोकस लागत नाही. मीही या पापुद्र्यापायी बरेच कांदे वाया घालवले. मग सरळ चिमट्याने ओढणं सोडून दिलं.

पद्धत अशी. कोरडी टरफलं काढून टाका आणि त्यांच्याखालची पहिली टणक, रसरशीत पाकळी घ्या. सुकत चाललेली, लिबलिबीत झालेली नको. तिची देठापासून शेंड्याकडे, बोटभर रुंदीची उभी पट्टी कापा. पट्टीची खोलगट बाजू आपल्याकडे धरा आणि दोन्ही टोकं आपल्यापासून लांब, मागच्या बाजूला वाकवा. आतला भाग ताणला जाऊन मधोमध कट्‌कन मोडतो, पण बाहेरचा रंगीत पापुद्रा तुटत नाही, बिजागरीसारखा दोन्ही तुकडे धरून राहतो. आता एक तुकडा दुसऱ्याच्या फुगीर पाठीवर पूर्ण दुमडा आणि त्या पाठीला जवळजवळ टेकलेला ठेवूनच सावकाश लांबीच्या दिशेने ओढा. वर उचलून ओढलंत तर गर येणारच. पेशीही याच दिशेने लांबट असतात, म्हणून आडवं ओढण्यापेक्षा उभं ओढलं की पापुद्रा सहज सुटतो.

येणारी पट्टी सगळीकडे सारखी पातळ नसते, आणि नसली तरी चालतं. जिथून ती सुटून येते तिथे कडेला एक पारदर्शक गुलाबी झालर दिसेल. तीच आपल्या कामाची. ब्लेडने तिचा चार-पाच मिलिमीटरचा तुकडा कापा आणि लगेच स्लाइडवरच्या पाण्याच्या थेंबात सोडा. हातात धरून कौतुक करत बसू नका, हवेत तो मिनिटभरात सुकू लागतो. जास्त मोठा तुकडाही नको, त्याच्या कडा गुंडाळतात.

तुकड्याची कुठली बाजू वर, हे कोणी सांगत नाही. बाहेरच्या बाजूवर मेणचट थर असतो. त्यातून द्रावण नीट शिरत नाही आणि त्याला हवेचे बुडबुडेही चिकटतात. म्हणून गरापासून सुटलेली बाजू वर ठेवा. कव्हरस्लिप एका कडेवर टेकवून तिरकी खाली सोडा.

आधी 10 च्या ऑब्जेक्टिव्हवर, म्हणजे स्लाइडजवळच्या 10 पटीच्या भिंगावर, बघा. 10 चा आयपीस असेल तर 100 पट दिसतं, बहुतेक काम तेवढ्यात होतं. ऑब्जेक्टिव्ह स्लाइडच्या जवळ न्यायचं ते बाजूने बघत, आणि फोकस करायचं ते लांब नेत. 40 किंवा 45 च्या ऑब्जेक्टिव्हवर गेल्यावर फोकसच्या जाड स्क्रूला हात लावायचा नाही. आरशाने थेट ऊन पकडू नका.

काठावरच्या आणि चिरडलेल्या पेशींचा रंग गळून गेलेला असेल, त्या मेल्या. मधल्या, काठोकाठ गुलाबी भरलेल्या दहा-पंधरा पेशी निवडा आणि स्लाइड तिथून हलवू नका. शेजारी बिनरंगाच्या जिवंत पेशीही असू शकतात, त्या सोडून द्या.

कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवा, समोरच्या कडेला टीपकागद लावा. दोन-तीन थेंब असे ओढून घ्या.

काही मिनिटांत कोपऱ्यांपासून रंग सुटू लागतो. आधी कडा आत वळतात, मग रंगीत भाग गोलसर होतो, कधी एका पेशीत दोन गोळे होतात. भिंत जिथल्या तिथे राहते. याला प्लाझमोलिसिस म्हणतात. भिंत आणि गोळ्यामधल्या जागेत काय असतं, असं विचारलं की हमखास उत्तर येतं, 'पोकळी' किंवा 'हवा'. तिथे तुम्ही सोडलेलं मिठाचं पाणी असतं. भिंत मिठाला अडवत नाही, अडवतं ते पटल. आणि 'मला पटल दिसलं' असंही म्हणू नका. पटलाची जाडी साधारण 7 ते 8 नॅनोमीटर, आणि साध्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला सुमारे 200 नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत. आपल्याला दिसते ती रंगाची कड, पटल त्याच्याही बाहेर असतं.

आता त्याच पद्धतीने साधं पाणी ओढा, पण सावकाश, थेंब थेंब. रंग पुन्हा पसरून पेशी भरते. घाई केलीत किंवा पेशी फार वेळ मिठात ठेवलीत तर काही गोळे फुटतात आणि रंग वाहून जातो. जी पेशी पुन्हा भरली तिचं पटल शाबूत होतं, याहून चांगला पुरावा या टेबलावर मिळत नाही.

पुढे जायचं असेल तर मीठ सोडून साखर घ्या, पटल तिला जास्त चांगलं अडवतं. 34.2 ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून एकूण 100 मिलिलिटर केलं की 1 मोलरचं द्रावण होतं. ते पातळ करत 0.2, 0.3, 0.4 अशी रांग लावा, प्रत्येकात वेगळा पापुद्रा वीसेक मिनिटं ठेवा आणि भिंतीपासून सुटलेल्या पेशी मोजा. ज्या द्रावणात साधारण निम्म्या पेशी सुटू लागलेल्या दिसतात, त्याचा परासरणी दाब पेशीरसाच्या जवळपास असतो.

मिठाचं पाणी स्टेजवर सांडलं असेल तर ओल्या फडक्याने पुसून मग कोरडं करा. ऑब्जेक्टिव्हला लागलं असेल तर लेन्स पेपरच वापरा, रुमाल नको.