टीम प्लेऑफबाहेर चाललीये की अजून धुगधुगी आहे? पहाटेचा गजर लावायच्या आधी करायचा हिशोब

मी ह्यूस्टन रॉकेट्सवाला आहे, म्हणजे अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या त्या टीमचा फॅन, त्यामुळे हा विषय कुठे वाचून नाही, भोगून शिकलोय. २०२४ चा मार्च-एप्रिल मी नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या किचनमध्ये उभ्याने काढला, हॉलमध्ये बाबा झोपलेले म्हणून मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवून, आवाज बंद. आई उठून आत यायची, गॅस पेटवायची आणि माझ्या तोंडाकडे बघून विचारायची, “आजपण हरले का रे?” ज्यांची टीम सध्या अशीच लटकलीये त्यांच्यासाठी लिहितोय. कधी उठायचं आणि कधी खुशाल झोपून राहायचं हे ठरवायला कालनिर्णय आणि पेन्सिल पुरते.

आधी टेबल नीट वाचायला शिका. आयपीएलमुळे आपण पॉइंट्स टेबल म्हणतो, पण एनबीएच्या टेबलात पॉइंट नाहीत आणि नेट रनरेटपण नाही, जिंकल्या किती हरल्या किती एवढंच. ३० टीम, १५ ईस्टमध्ये १५ वेस्टमध्ये (या दोन गटांना कॉन्फरन्स म्हणतात), प्रत्येकीच्या ८२ मॅच. दोन्हीकडच्या पहिल्या ६ टीम सरळ प्लेऑफमध्ये, ७ ते १० प्ले-इनमध्ये, बाकीच्या सुट्टीवर. प्ले-इन म्हणजे आपल्या क्वालिफायर-एलिमिनेटरचा भाऊच. सातवी आणि आठवी भिडतात, जिंकेल ती आत. नववी-दहावी भिडतात, हरेल ती घरी. मग पहिल्या मॅचमधली हरलेली आणि दुसरीतली जिंकलेली शेवटच्या जागेसाठी खेळतात. म्हणजे दहाव्या नंबरवाल्याला लागोपाठ दोन जिंकायला लागतात, सातव्याला एक हरली तरी चालते. पडत्या टीमचा फॅन असाल तर तुमची नजर दहाव्या ओळीवर पाहिजे, वरच्या पाच-सहा टीमचं काय चाललंय त्याच्याशी आपला काय संबंध.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लोक जिंकण्याची टक्केवारी बघतात, नाहीतर ‘किती मॅच मागे’ तो आकडा बघतात. मी म्हणतो आधी हरलेल्या मॅचचा रकाना बघा. कारण कुणाच्या ७० झालेल्या असतात कुणाच्या ७३, न खेळलेली मॅच अजून जिंकता येते पण हरलेली परत मिळत नाही. हे मला दिंडोरीच्या मामाने समजावलं, त्याला बास्केटबॉल म्हणजे काय ते माहीत नाही. गारपिटीनंतर तो बागेत फिरतो तेव्हा आधी खाली पडलेला माल मोजतो. मी म्हटलं मामा, वेलीवर किती राहिलाय ते बघ ना, तर म्हणे, “वरचा कुठं पळून चाललाय, गेलेला किती ते कळल्याशिवाय व्यापाऱ्याशी काय बोलू?” बस, तसंच.

मग सूत्र. ८३ घ्या, त्यातून दहाव्या टीमने जिंकलेल्या मॅच वजा करा, मग तुमच्या टीमने हरलेल्या वजा करा. उरेल तेवढी तुमची शिल्लक. ते एक मॅच जिंकले की एक कमी, तुम्ही एक हरलात की एक कमी, आणि एकाच रात्री दोन्ही झालं तर दोन. शून्य झालं की विषय संपला. ८३ का, तर ८२ मॅच आणि वर एक, कारण बरोबरीवर कुणी बाहेर जात नाही, एकाने तरी पुढे जावं लागतं.

पण बरोबरी झाली तर काय, इथेच सगळे फसतात. टायब्रेकरमध्ये सगळ्यात आधी बघतात की या दोघांच्या आपसातल्या मॅचमध्ये कोण पुढे होतं. ते सीझनमध्येच कळलेलं असतं, म्हणून मार्चमध्ये एकदा बसून हे लिहून ठेवा. आपसातल्या मॅच समोरच्याने जास्त जिंकल्या असतील तर ८३ ऐवजी ८२ धरा, उगाच एक्स्ट्रा आशा ठेवू नका. आपसात बरोबरी असेल तर पुढे डिव्हिजन (कॉन्फरन्समधला पाच टीमचा छोटा गट), कॉन्फरन्सचा रेकॉर्ड वगैरे येतं, तीन टीम अडकल्या तर वेगळंच नाटक, पण तिथपर्यंत वेळ क्वचित येते.

आमचंच उदाहरण घ्या. २०२४ च्या मार्चमध्ये आमचा स्टार अल्परेन शेंगून सॅक्रामेंटोत जखमी झाला, सगळे म्हणाले संपलं, आणि नेमका तिथेच आमचा दुसरा प्लेअर जेलन ग्रीन पेटला. सलग ११ मॅच जिंकलो. अकरावी युटामध्ये, एका पॉइंटने, आपल्याकडे ३० मार्चची सकाळ होती आणि नाशकात रंगपंचमी. मी मॅच संपवून दुपारी जुन्या नाशकात रहाडीवर (रंगपंचमीला रंगाने भरतात त्या मोठ्या हौदावर) गेलो आणि कपड्यांसकट उडी मारली, मित्रांना वाटलं याला नोकरी लागली की काय. टेबल काय म्हणत होतं? आम्ही ३८-३५, दहाव्या नंबरवर गोल्डन स्टेट वॉरियर्स ३९-३४. ८३ वजा ३९ वजा ३५, शिल्लक ९. एकच मॅच मागे! पण त्या सीझनला वॉरियर्सने आपसातल्या झालेल्या दोन्ही मॅच जिंकल्या होत्या, म्हणजे खरी शिल्लक ८ धरायला पाहिजे होती, आणि मी रंगात होतो, मी कसली धरतोय.

त्यानंतर सलग पाच हरलो. त्यातली एक खुद्द वॉरियर्सशी, तीपण आपल्या घरच्या कोर्टवर, १३३-११०. समोरासमोरची मॅच हरली की त्यांची एक वाढते आणि तुमची एक जाते, शिल्लक एका झटक्यात दोनने खाली, म्हणून अशी मॅच कितीही वाजता असो ती बघायचीच. पाचवी डॅलसमध्ये. शेवटच्या क्षणी त्यांच्या डान्टे एक्झमने थ्री (तीन पॉइंटचा शॉट) टाकून बरोबरी केली, ओव्हरटाइममध्ये आम्ही ढेपाळलो. ३८-४०. वॉरियर्सच्या तेव्हा ४२ झालेल्या. ८३ वजा ४२ वजा ४० म्हणजे १ शिल्लक दिसते, पण टायब्रेकर त्यांच्याकडे, म्हणून ८२ धरा, शून्य. माझ्या कानामागचा रहाडीचा रंग अजून गेला नव्हता.

वेळेचं सांगायचं राहिलं. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात, आपण करत नाही. त्यामुळे न्यूयॉर्कची संध्याकाळी ७ ची मॅच थंडीत आपल्याकडे पहाटे साडेपाचला असते ती एकदम साडेचारला येते. कॅलिफोर्नियाची ७ ची साडेआठवरून साडेसातला, म्हणजे ऑफिसला निघायच्या आधी निदान पहिला हाफ तरी होतो. मी पहिल्या वर्षी हे विसरलो, साडेपाचला गजर लावून मस्त चहा टाकून बसलो तर तिकडे हाफटाइम चालू. अलार्म त्या सोमवारीच बदला.

आणि खरं सांगू का, शिल्लक ४ च्या खाली गेली की आपल्या मॅचपेक्षा दहाव्या टीमची मॅच बघण्यात जास्त अर्थ असतो. तेही बघण्याआधी दोन्हीकडची इंजुरी लिस्ट बघा, लागोपाठच्या दोन दिवसांची मॅच आहे का ते बघा, मोठा प्लेअर बसवलेला असेल तर झोपा.

“मग मुद्दाम हरून चांगला ड्राफ्ट पिक का नाही घ्यायचा” असं म्हणणारा एक मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. (ड्राफ्ट पिक म्हणजे नवे प्लेअर निवडायचा नंबर, जास्त हरणाऱ्यांना वरचा नंबर मिळायची शक्यता जास्त.) त्याला आधी विचारा, पिक आहे का आपल्याकडे? आमचा त्या वर्षीचा स्वतःचा पिक ओक्लाहोमाच्या टीमला जायचा होता, फक्त पहिल्या चारात आला तरच आमच्याकडे राहणार, आणि आम्ही तर अर्ध्या मॅच जिंकून बसलेलो. तो बाराव्या नंबरला आला आणि गेलाच. हरून काय मिळणार होतं, खुळखुळा?

उलट बाजूपण आहे. २०२२-२३ ला लेकर्स २-१० ने सुरू झाले होते, शेवटी ४३-३९, प्ले-इन जिंकून थेट कॉन्फरन्स फायनलला गेले. त्याच वर्षी मायामी हीट प्ले-इनची पहिली मॅच हरून, दुसरी जिंकून, आठव्या नंबरवरून फायनल खेळले. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये रडू नका, तेव्हा वरच्या सूत्रात शिल्लक पन्नास-साठ-सत्तर येते, त्याला काही अर्थ नसतो. फेब्रुवारीतल्या ऑल-स्टार मॅचच्या सुट्टीनंतर पेन्सिल घ्या.

फक्त पेन्सिल कुठे टेकवताय ते बघा. मी कालनिर्णयवर त्या त्या तारखेच्या चौकोनात हारेची फुली मारायचो, आणि आमच्याकडे दुधाचा खाडा पण तिथेच, फुलीनेच लिहितात. १ ते ८ एप्रिलमध्ये माझ्या पाच फुल्या. महिनाअखेरीला आईने सगळ्या मोजून दूधवाल्याचे पैसे कापले, तो दारात उभा राहून शपथा घेतोय की मावशी मी एकच दिवस आलो नव्हतो, आणि मी आत बनियनवर, बाहेर येऊन काय सांगू की बाकीचे पाच दिवस ह्यूस्टन हरलं होतं? शेवटी सांगितलंच. तेव्हापासून आमच्याकडे दूध पेन्सिलने आणि रॉकेट्स लाल स्केचपेनने.