फोल्डर दिसतो, पण उघडत नाही: माझा अनुभव
सोलापुरात आमच्या घरी चादरींच्या ऑर्डरींचा हिशेब विंडोज ११ असलेल्या दोन संगणकांवर चालतो. माडीवरच्या लॅपटॉपवर खालच्या संगणकाचा शेअर केलेला फोल्डर दिसे, पण उघडताना परवानगी नाकारली जाई. राउटर बंद-चालू केला, फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधील शेअरिंग टॅबमध्ये ‘एव्हरीवन’ला (म्हणजे सर्वांना) पूर्ण अधिकार दिले, दोन रविवार वाया गेले.

शेअरिंग आणि सिक्युरिटी या दोन्ही टॅबांतील परवानग्यांपैकी अधिक कडक असते तीच लागू होते, हे उशिरा ध्यानात आले. म्हणून खालच्या संगणकावर प्रथम नेटवर्क ‘प्रायव्हेट’ (म्हणजे घरचे, विश्वासाचे) केले, मग पासवर्ड असलेले वेगळे स्थानिक खाते उघडले (पिन केवळ त्याच संगणकापुरता चालतो) आणि त्या खात्याला शेअरिंगमध्ये ‘चेंज’ व सिक्युरिटीमध्ये ‘मॉडिफाय’ हे फाइली वाचण्या-बदलण्याचे अधिकार दिले. शेवटी लॅपटॉपच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधील (विंडोज लॉगिनची नावे व पासवर्ड जिथे साठवते तिथली) जुनी नोंद पुसून या नव्या खात्याने लॉगिन करताच फोल्डर उघडला.