गेरूतले भोवरे आणि प्लॅटिनमचा चकवा

आपल्या गेरूला तांबडा रंग येतो तो हेमॅटाइटमुळे, आणि गोव्याच्या खाणींतून वर्षानुवर्षे बोटींनी बाहेर गेलेल्या लोहखनिजातही मुख्यत्वे हाच पदार्थ असतो. पीएच.डी.साठी माझ्या वाट्याला त्याचेच नॅनोमीटर जाडीचे थर आले. त्यांच्यातील चुंबकीय भोवरे विद्युतप्रवाहाने जागचे हलवायचे, असे काम ठरले होते. एम.एस्सी. करून या विषयाकडे येणाऱ्यांना सिद्धान्ताची पुस्तके सहज मिळतात. मोजमाप करताना पाय कुठे घसरतो हे मात्र त्यांत क्वचितच लिहिलेले असते, म्हणून हा लेख.

हेमॅटाइट हा अँटिफेरोमॅग्नेट, म्हणजे प्रतिलोहचुंबक आहे. त्यात अणूंचे स्पिन, म्हणजे अणूंची सूक्ष्म चुंबके, आळीपाळीने विरुद्ध दिशांना वळलेले असल्यामुळे बाहेरून चुंबकत्व जवळजवळ जाणवतच नाही. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लुई नेएल यांनी १९७० च्या नोबेल व्याख्यानात, हे पदार्थ रंजक आहेत पण त्यांचा व्यावहारिक उपयोग दिसत नाही, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. आज आकर्षण नेमके त्या अदृश्यपणाचेच आहे. साध्या लोहचुंबकातील स्किर्मिऑन, म्हणजे स्पिनची गाठीसारखी घट्ट रचना, प्रवाहाने ढकलली की सरळ न जाता एका कडेला सरकते. अँटिफेरोमॅग्नेटमध्ये दोन उपजालकांचे, म्हणजे विरुद्ध स्पिनांच्या दोन गटांचे, हे कडेला ओढणे परस्परांना रद्द करते, त्यामुळे गाठ सरळ आणि वेगाने धावावी, असे गणित सांगते. हेमॅटाइटमध्ये मिळतात ते मेरॉन, म्हणजे अर्धे स्किर्मिऑन. त्यांच्या मध्यभागी स्पिन थराच्या पातळीतून वर किंवा खाली उभे राहतात, आणि भोवताली ते पातळीतच गोल फिरत जातात.

ऑक्सफर्ड आणि सिंगापूरच्या संशोधकांनी हेमॅटाइटमधील मेरॉन आणि त्यांच्या जोड्या सामान्य तापमानाला दिसल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. कॉपर मँगनीज आर्सेनाइडमध्ये प्रवाहाने असे भोवरे निर्माण करून हलवल्याचे काम नॉटिंगहॅमच्या गटाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. या दोन पदार्थांतला भेद नवख्याने पहिल्याच आठवड्यात समजून घ्यावा. दुसरा पदार्थ वीजवाहक आहे, आणि त्याच्या स्फटिकाच्या रचनेमुळे प्रवाह स्वतःच दोन्ही उपजालकांना उलटसुलट पीळ देतो. हेमॅटाइट विसंवाहक असल्यामुळे त्यावर प्लॅटिनमचा थर द्यावा लागतो. प्रवाह प्लॅटिनममधून जातो आणि तेथून स्पिन खाली झिरपतात. माझी फसगत झाली ती या प्लॅटिनमपायी.

माझ्या नमुन्यात ५ नॅनोमीटर जाडीच्या प्लॅटिनमची आठ हातांची चांदणी कोरलेली होती आणि तिचा प्रत्येक हात १० मायक्रोमीटर रुंद होता. त्यातून ४० मिलिअँपिअरचा स्पंद, म्हणजे प्रवाहाचा क्षणिक झटका, सोडला की प्रवाहाची घनता दर चौरस मीटरला ८० हजार कोटी अँपिअर होते. एका दिशेने दहा स्पंद, मग काटकोनातल्या दिशेने दहा, आणि प्रत्येक स्पंदानंतर थोडे थांबून आडव्या रोधाचे, म्हणजे प्रवाहाच्या काटकोनात मोजलेल्या आणि स्पिनच्या दिशेनुसार बदलणाऱ्या रोधाचे, वाचन, असा क्रम होता. पडद्यावर करवतीच्या दातांसारखी देखणी रेषा उमटली. तीन महिने मी ती रेषा स्पिन वळल्याचा पुरावा म्हणून मिरवली. मग एका वरिष्ठ सहकाऱ्याने हेमॅटाइट अजिबात नसलेला, नुसत्या सफायरवर प्लॅटिनम चढवलेला नमुना लावून पाहायला सांगितला, आणि त्याच करवतीचे तेच दात पुन्हा उमटले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा चांदणीच्या आतल्या कोपऱ्यांत, जिथे प्रवाह दाटतो, तिथे प्लॅटिनम काळवंडले होते. तापून धातूचे कण सरकत होते आणि रोध बदलत होता; चुंबकत्वाचा त्यात संबंध नव्हता. हा चकवा २०१९ मध्येच छापून आला होता, हे मला नंतर कळले. वाचनात कुचराई केली ती माझीच.

त्यानंतर मी एक तपासणी कधीही चुकवली नाही. हेमॅटाइटच्या स्पिनांची दिशा ज्या तापमानाला बदलते त्या मॉरिन संक्रमणाच्या वर, म्हणजे एरवी साधारण २६० केल्व्हिनच्या पुढे, ते स्पिन १ टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्राने थराच्या पातळीत हवे तसे फिरवता येतात. प्रवाह लावण्याआधी चुंबकाने पूर्ण फेरा करून आडवा रोध किती बदलतो ते नोंदवावे. तो बदल म्हणजे सोळा आणे. प्रवाहाने त्याहून मोठा बदल दिसला, तर वरचे चार आणे स्पिनचे असूच शकत नाहीत.

आकडा सोळा आण्यांच्या आत बसला तरी उष्णतेचा संशय उरतोच, कारण तापलेला थर प्रसरण पावतो आणि त्या ताणानेही स्पिन वळतात. भोवरा सरकला असे वाटले, तर प्रवाहाची दिशा उलटी करून पाहावी. उष्णतेला प्रवाहाची दिशा कळत नाही. भोवरा त्याच बाजूला सरकला, तर पिळाचे श्रेय घेऊ नये.

अखेर भोवरे डोळ्यांनी पाहण्यासाठी सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे तीव्र क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रावर, जावे लागते. तिथे लोहाच्या ७१० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासच्या शोषणरेषेवर क्ष-किरण टाकून, बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे चित्र घेतात. नमुना वेगवेगळ्या कोनांत फिरवला की रंगांच्या क्रमावरून मेरॉन आणि प्रतिमेरॉन, म्हणजे ज्यांत स्पिन उलट्या क्रमाने फिरतात ते भोवरे, वेगळे ओळखता येतात. मधला स्पिन वर आहे की खाली, हे मात्र या पद्धतीला दिसत नाही. आम्हाला आठ-आठ तासांच्या नऊ पाळ्या मिळाल्या होत्या. त्यांतली पहिली वाया गेली, कारण विसंवाहक नमुन्यावर विद्युतभार साचून चित्र सतत सरकत होते. प्लॅटिनमचा थर असला की भार निघून जातो, परंतु इलेक्ट्रॉन काही मोजक्या नॅनोमीटरमधूनच बाहेर येऊ शकत असल्याने ५ नॅनोमीटरच्या थराखालचे चित्र अंधूक येते. मोजमापाला जाड थर हवा आणि डोळ्याला पातळ. आम्ही २ नॅनोमीटरवर तडजोड केली आणि स्पंद नव्याने ठरवले. शिवाय अशा अनेक यंत्रांत नमुना सुमारे २० हजार व्होल्टवर ठेवलेला असतो, त्यामुळे स्पंद देणारे उपकरणही त्याच विभवावर तरंगते ठेवावे लागते. नमुनाधारकाला विजेची किती टोके आहेत, हे बीमटाइमचा, म्हणजे सिंक्रोट्रॉनवरच्या वेळेचा, अर्ज लिहिण्याआधीच तिथल्या शास्त्रज्ञांना विचारून घ्यावे आणि चांदणीचा नकाशा त्यानंतरच काढावा. आमच्या आठ हातांपैकी चारच जोडता आले.