फुलपाखरं वाढवायची तर सुरुवात झाडापासून

फुलपाखराची अळी वाढवायला घेण्याआधी तिचं झाड ओळखता यायला हवं. बहुतेक जातींच्या अळ्या एका ठरावीक झाडाची किंवा त्याच्या जवळच्या नात्यातल्या झाडांचीच पानं खातात. चुकीचं पान पुढे ठेवलं तर अळी उपाशी मरते, पण त्याला तोंड लावत नाही. लाइम बटरफ्लायला लिंबूवर्गीय झाडं लागतात. कॉमन मॉर्मन त्यांच्याबरोबर कढीपत्त्यावरही वाढतं. बिबळ्या कडवा, म्हणजे प्लेन टायगर, रुईवर मिळतो. कॉमन क्रो वड-पिंपळाच्या कुळात आणि कण्हेरीवर, टॉनी कोस्टर कृष्णकमळाच्या वेलींवर, कॅस्टर एरंडावर आणि कॉमन बॅरन आंब्यावर. पहिल्यांदाच करणार असाल तर लिंबू किंवा रुई निवडा. दोन्हींवर अळ्या सहज सापडतात, ओळखायला सोप्या असतात आणि पानांची टंचाई पडत नाही.

अंडी शोधायची सोपी रीत म्हणजे मादीवर लक्ष ठेवणं. अंडी घालायला आलेली मादी फुलांकडे फिरकत नाही. ती झाडाभोवती संथ घिरट्या घालते, पानावर क्षणभर टेकते, पुढच्या पायांनी पान चाचपते आणि उडते. पायांवरच्या बारीक संवेदी केसांनी ती झाडाची चव तपासत असते. पान पसंत पडलं की पोटाचं टोक वाकवून अंडं चिकटवते. ती दूर गेल्यावर नेमकं तेच पान पाहा. लाइम बटरफ्लायचं अंडं गोल, गुळगुळीत, फिकट पिवळं आणि जेमतेम मिलिमीटरभराचं असतं, बहुधा कोवळ्या पानावर एकेक घातलेलं. बिबळ्या कडव्याचं अंडं उभट, पांढुरकं आणि उभ्या रेघांचं असतं. ते बरेचदा पानाच्या खालच्या बाजूला मिळतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग जवळ असेल तर या रेघा फार सुंदर दिसतात.

अंडं पानावरून खरवडू नका, पानासकट आणा. चार-पाच अंडी पुरेत. एका वेळी डझनावारी अळ्या ठेवल्या की रोग आणि उपासमार ठरलेली. निळ्या फुलपाखरांच्या ज्या अळ्यांभोवती मुंग्या वावरताना दिसतात, त्या जागच्या जागीच पाहाव्यात. त्यांच्यापैकी कित्येकींचं संरक्षण मुंग्या करतात आणि काहींचं तर मुंग्यांवाचून चालतच नाही. जात नीट ओळखल्याशिवाय कोणतंही अंडं घरी आणू नये, हेही तितकंच महत्त्वाचं. संरक्षित जातींची अंडी किंवा अळ्या बाळगणंसुद्धा कायद्याविरुद्ध असू शकतं.

उबदार हवेत अंडं तीन ते पाच दिवसांत फुटतं. फुटण्याच्या आदल्या दिवशी वरच्या टोकाला काळा ठिपका दिसतो, तो अळीच्या डोक्याचा. सगळंच अंडं एकसारखं काळं पडलं आणि तसंच राहिलं, तर आत बहुधा ट्रायकोग्रामा ही अतिसूक्ष्म गांधीलमाशी वाढते आहे. बाहेर आलेली अळी बहुतेक वेळा स्वतःच्या अंड्याचं कवच खाते. तोपर्यंत तिला हलवू नका.

लहान अळीसाठी एक-दीड लिटरचा झाकणाचा पारदर्शक डबा चालतो. तळाला कोरडा टिश्यूपेपर घाला आणि झाकणाऐवजी मलमलचा तुकडा रबराने बांधा. पूर्ण बंद डब्यात पानांचा ओलावा साचतो आणि अळ्या मरण्याचं ते मोठं कारण आहे. लहान अळीला मात्र पान सुकून चालत नाही. म्हणून पानाच्या देठाला ओल्या कापसाचा बोळा गुंडाळा, बोळ्यावर थोडं प्लॅस्टिक बांधा आणि रोज पान बदला. फांदी पाण्याच्या बाटलीत ठेवायची असेल तर बाटलीचं तोंड कापसाने घट्ट बंद करा. अळी देठावरून खाली उतरते आणि उघड्या पाण्यात बुडून मरते. डबा उन्हात ठेवू नका. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या आत थोड्या वेळातच जीव जाईल इतकं तापतं. उजेड असलेली, सावलीची, मुंग्या पोहोचणार नाहीत अशी जागा हवी. टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की मुंग्यांचा प्रश्न मिटतो.

शक्य असेल तर डब्यापेक्षा झाडावरची जाळीची पिशवी आम्हाला जास्त पसंत आहे. बारीक जाळीची दोन्ही बाजूंनी उघडी पिशवी शिवा, अळी असलेली फांदी तिच्यात घ्या आणि दोन्ही टोकं सुतळीने आवळून बांधा. आधी आतले कोळी, मुंग्या, प्रार्थनाकीटक काढून टाका. पान ताजं राहतं, हवा खेळती राहते, दिवस-रात्रीचा बदल नैसर्गिक मिळतो. फांदीवरची पानं संपत आली की पिशवी पुढच्या फांदीवर सरकवायची आणि तळाशी जमलेली विष्ठा झटकायची, एवढंच काम उरतं.

पानांच्या बाबतीत एक धोका सगळ्यात मोठा आहे: कीटकनाशक. रोपवाटिकेतून आणलेल्या झाडात आंतरप्रवाही औषध असेल तर ते रसातून पानापानांत पोहोचलेलं असतं आणि धुऊन जात नाही. अळी खाते, काही तासांत थरथरते, हिरवट द्रव ओकते आणि लुळी पडते. विकतचं झाड असेल तर जुनी पानं झडून बरीच नवी पालवी येईपर्यंत थांबा आणि आधी एकाच अळीला त्याचं पान देऊन बघा. बाहेरून तोडलेली पानं धुऊन, पूर्ण कोरडी करूनच द्या. रुई तोडताना चीक डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्या, त्याने डोळ्याला गंभीर इजा होते. काम झालं की हात साबणाने धुवा.

अळी साधारण दोन-तीन आठवडे वाढते आणि त्या काळात चार वेळा कात टाकते. लाइम बटरफ्लायची अळी सुरुवातीला पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी दिसते, शेवटच्या अवस्थेत हिरवीगार होते. तिला डिवचलं तर डोक्यामागून दुभंगलेलं नारिंगी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. एकदा पाहिलंत की पुरे, पुन्हापुन्हा डिवचून तिची शक्ती वाया घालवू नका. बिबळ्या कडव्याच्या काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अळीला मांसल शेंड्यांच्या तीन जोड्या असतात. ती पान खाण्याआधी शीर कुरतडून चीक वाहू देते आणि मगच पुढचा भाग खायला घेते. हे पाहायला अर्धा तास शांत बसायची तयारी ठेवा.

कात टाकण्याआधी अळी खाणं थांबवते, रेशमाची बारीक गादी विणून तिला पाय रोवते आणि दिवसभर निश्चल राहते. नवशिक्याला ती आजारी वाटते आणि तो तिला उचलून ताज्या पानावर ठेवतो. नेमकं इथेच घात होतो. पायांची पकड सुटली की जुनी कात मागे ओढली जात नाही आणि अळी त्यातच अडकून मरते. डोक्यामागे फुगवटा दिसतो आहे का ते पाहा, ते पुढच्या अवस्थेचं मोठं डोकं असतं. अळी बसली आहे तेवढा पानाचा तुकडा कापून नव्या पानावर ठेवा. एरवीही हलवायची वेळ आली तर बोटं न वापरता मऊ, बारीक ब्रशवर तिला चढू द्या.

रोज सकाळी विष्ठा काढा आणि ती नीट पाहा. कोरड्या, घट्ट, वेगवेगळ्या गोळ्या म्हणजे तब्येत ठीक. पातळ, चिकट विष्ठा म्हणजे ओलावा जास्त, पान खराब किंवा आजार. अळी मागच्या पायांवर उलटी लोंबकळत मऊ पडली आणि काळ्या पाण्यासारखी फुटली, तर तो बहुधा विषाणू असतो. ती पानासकट ताबडतोब वेगळी करा. डबा एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात वीस मिनिटं बुडवून, भरपूर पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. अळीच्या अंगावर पांढरे बारीक ठिपके चिकटलेले दिसले तर ती परजीवी माशीची अंडी असू शकतात. अंगावर लहान पांढरे-पिवळे कोष उगवले तर आतून गांधीलमाशीच्या अळ्या बाहेर पडल्या आहेत. अशी अळी वाचत नाही. ही नोंदही मोलाची असते, म्हणून बाहेर येणारा परजीवी कोणता ते पाहून लिहून ठेवा.

शेवटच्या अवस्थेत अळी आधीच्या सगळ्या अवस्थांहून जास्त खाते. झाड आधीच हेरून ठेवा, रात्री पानं संपली असं होऊ देऊ नका. पुरेशी वाढली की ती खाणं सोडते, एकदा पातळ विष्ठा टाकते (हा आजार नाही) आणि जागा शोधत भटकते. आता उंच जाळीचा पिंजरा आणि काही उभ्या काड्या हव्यात. लाइम बटरफ्लाय कमरेभोवती रेशमाचा धागा घेऊन डोकं वर ठेवून कोष करतं. बिबळ्या कडवा मागच्या टोकाने उलटा लटकतो, बाक घेतो आणि साधारण दिवसभरात त्याचा कोष बनतो. नवा कोष मऊ असतो, किमान एक दिवस हात लावू नका. कोष पडलाच तर घट्ट झाल्यावर उचला. उलट्या लटकणाऱ्याच्या शेपटाकडच्या रेशमाला दोरा बांधून टांगा. कमरपट्ट्याचा असेल तर कागदाच्या पुडीत डोकं वर करून उभा ठेवा.

उबदार हवेत आठ ते बारा दिवसांत कोष पातळ काचेसारखा होतो आणि पंखांचे रंग आतून दिसू लागतात. रंग न दिसता कोष गडद, मऊ आणि दुर्गंधी झाला तर आतला जीव गेला आहे. कोरड्या किंवा थंड दिवसांत काही कोष कित्येक आठवडे थांबतात, म्हणून घाईने फेकू नका.

फुलपाखरू बहुधा सकाळी बाहेर पडतं. चुरगळलेले पंख खाली लोंबू देऊन ते त्यांत शरीरातला द्रव भरतं आणि त्याच वेळी सोंडेचे दोन वेगळे भाग गुंडाळून-उलगडून एक करत असतं. या वेळी पंखांच्या लांबीच्या दुपटीहून जास्त मोकळी जागा खाली लागते. निसरड्या भिंतीवरून ते घसरलं तर लगेच काडी पुढे करा. पंख वाकडे वाळले तर परत सरळ होत नाहीत. खाली पडणारा लालसर द्रव रक्त नसून कोषातला टाकाऊ पदार्थ आहे.

तीन-चार तासांनी, ऊन असताना, अंडी सापडली त्याच परिसरात सोडा. दूरच्या भागात नेल्यास रोगही सोबत जातात. पाऊस लागून राहिला तर एक चमचा साखर नऊ चमचे पाण्यात विरघळवून कापसावर द्या, आणि सोंड गुंडाळलेलीच राहिली तर टाचणीने अलगद उलगडून कापसाला टेकवा. सोडताना जात, नर की मादी, अंडं-अळी-कोष यांच्या तारखा, झाडाचं नाव आणि दिवसाचं तापमान वहीत लिहा. पुढच्या वेळी त्याच झाडावर अळी मोठी व्हायला जास्त दिवस का लागले, हे त्याच नोंदींवरून कळतं.